गोठवणाऱ्या थंडीत जुनं मोटरहोम

अमेरिकेतल्या युटा राज्यात, मोआब गावाच्या आसपास, तांबड्या खडकांच्या पठारावर केंद्र सरकारची मैलोन् मैल मोकळी जमीन आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे खातं ती सांभाळतं. तिथे बऱ्याच ठिकाणी आपल्याला गाडी लावून मुक्काम करता येतो. साधारण नियम असा की 28 दिवसांत एका भागात 14 दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. विजेची जोडणी नाही, नळ नाही, गटार नाही. अशा राहण्याला तिकडे बूनडॉकिंग म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत गर्दी ओसरलेली असते, आकाश स्वच्छ असतं आणि रात्री पारा सर्रास शून्याखाली सहा-सात अंशांवर जातो.

डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटीकडच्या मराठी मंडळींनाही नाताळच्या सुटीत ही जागा खुणावते. वीस-पंचवीस वर्षांचं जुनं मोटरहोम त्या मानाने स्वस्तात मिळतं. मोटरहोम म्हणजे व्हॅनच्या किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं चाकांवरचं घर: ओटा, शेगडी, फ्रिज, संडास, पलंग, सगळं आत. गॅस भरला, रजया घेतल्या की थंडीची तयारी झाली, असं पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं. पण अशा गाडीत रात्री आधी संपते ती बॅटरी. गॅस नंतर. हे का होतं ते समजलं की तयारी कोणत्या क्रमाने करायची तेही समजतं, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

ऊब कशी येते

गाडीतला मुख्य हीटर म्हणजे फर्नेस, गॅसवर चालणारी बंद भट्टी. तिची ज्योत बाहेरची हवा घेते आणि धूर बाहेरच सोडते. घरातली हवा पंख्याच्या जोराने भट्टीच्या तापलेल्या पत्र्यावरून जाते आणि गरम होऊन परत येते. म्हणजे उष्णता गॅसची, पण ती घरात आणणारा पंखा 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो.

पहाटे तीन वाजता काय घडतं ते पाहू. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर चालू-बंद करणारी कळ, टक् करते. पंखा सुरू होतो. त्याच्या झोतात पत्र्याची एक लहानशी पट्टी असते, तिला सेल स्विच म्हणतात. वारा पुरेशा जोराने आला तरच ती पट्टी हलते आणि गॅस सोडायला परवानगी मिळते. पंधराएक सेकंदांनी गॅसची झडप उघडल्याचा बारीक आवाज येतो, ठिणग्यांची टिकटिक होते आणि भप्पकन ज्योत पेटते.

बॅटरी उतरलेली असेल तर पंखा फिरतो, पण रेंगाळत. पट्टी हलत नाही, गॅस सुटत नाही, आणि तोच पंखा गार हवा फेकत उरलीसुरली वीज संपवतो. गॅसची टाकी भरलेली, फर्नेस धडधाकट आणि घर मात्र गारठत चाललेलं. "पंखा चालतो, पण गरम हवा येत नाही" ही तक्रार आली की फर्नेस उघडण्याआधी बॅटरीचा व्होल्टेज पाहावा. तो ठीक असेल तर मग त्या पट्टीवर धूळ, केस, कुत्र्यामांजराची लव अडकली आहे का ते पाहावं. जुन्या गाड्यांत हेही फार आढळतं.

एका रात्रीचा हिशेब

फर्नेसचा पंखा सात ते दहा अँपिअर वीज घेतो; आठ धरू. डिसेंबरात मोआबला पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी साडेसातला उगवतो. साडेचौदा तासांच्या रात्रीत फर्नेस निम्मा वेळ चालली, तर सात तास गुणिले आठ, म्हणजे 56 अँपिअर-तास गेले. अँपिअर-तास हे बॅटरीतल्या साठ्याचं माप. दिवे, पाण्याचा पंप, गॅसचा अलार्म आणि फ्रिजची सर्किट यांना पंधरा-वीस धरले, की खर्च सत्तर-पंचाहत्तरवर जातो.

आता जमेची बाजू. शिशाच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, त्याहून जास्त काढली तर तिचं आयुष्य भराभर घटतं. गोल्फ कार्टच्या 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या तर सुमारे 220 अँपिअर-तासांचा साठा होतो. शून्य अंशाला त्यातला पाचवा हिस्सा थंडीच खाते. उरलेल्याचा निम्मा म्हणजे नव्वदच्या आत. एक रात्र निघते, दुसरी निघत नाही. गाडी विकताना आधीच्या मालकाने एखादी स्वस्त बॅटरी बसवून दिलेली असेल, तर पहिलीच रात्र पुरी होत नाही.

म्हणून निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी घरीच बॅटरी तपासावी. पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवावी आणि मल्टिमीटर लावावा. 12.7 व्होल्टच्या आसपास दिसलं तर भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. मग रात्रभर फर्नेस चालवून सकाळी पुन्हा पाहावं. अंगणात उभ्या गाडीत केलेली ही एक रात्र पुढचे बरेच प्रश्न घरीच सोडवते. बॅटरी झाकण उघडणारी असेल तर आतल्या पट्ट्या बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर घालावं आणि टोकांवर साचलेली पांढरी भुकटी खरवडून काढावी.

पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे पन्नासलाही गोठत नाही. पण ती रिकामी झाली की आत जवळजवळ पाणीच उरतं आणि उणे सात-आठच्या सुमाराला गोठून कवच तडकू शकतं. लिथियमच्या नव्या बॅटऱ्या असतील तर वेगळी काळजी: त्या शून्याखाली वीज देतात, पण शून्याखाली त्यांना चार्ज करू नये, आतून कायमच्या बिघडतात. त्या घराच्या आत, उबेत बसवाव्यात.

जुन्या गाडीत एक सोपी बचत असते. छतातले मूळचे तारेचे दिवे प्रत्येकी दीड अँपिअर घेतात. त्याच जागी बसणारे एलईडी दिवे घातले तर तोच खर्च दहाव्या हिश्शाच्या आसपास येतो.

वीज परत कशी भरायची

पहिला मार्ग गाडीचं इंजिन. मोटरहोमला दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात: एक इंजिन सुरू करणारी, दुसरी घराची. इंजिन चालू असताना एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी जाड कळ, दोघींना जोडते आणि घराची बॅटरीही भरत जाते. ही कळ जुनी होऊन आतून जळलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद असताना घराच्या बॅटरीचा व्होल्टेज पाहावा, मग इंजिन सुरू करून थोड्या वेळाने पुन्हा पाहावा. तो साडेतेराच्या आसपास चढला तर ठीक. जागचा हलला नाही, तर दिवसभर गाडी चालवूनही आपण रात्री रिकाम्या बॅटरीवर झोपणार आहोत.

दुसरा मार्ग जनरेटर. तो सकाळी लावावा, कारण शिशाची बॅटरी रिकामी असतानाच भराभर वीज घेते आणि शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन् तास लावते. सकाळी दीड-दोन तास जनरेटर आणि पुढचं काम उन्हावर, ही विभागणी चांगली. जुन्या गाडीतला मूळचा चार्जर फार संथ असतो. तो बदलला तर जनरेटरचं इंधन वाचतं.

तिसरा मार्ग सौर पॅनल. इथे अपेक्षा बेताची ठेवावी. डिसेंबरात मोआबला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 28 अंश वर असतो. छपरावर आडवं पडलेलं 100 वॅटचं पॅनल दिवसाला वीसेक अँपिअर-तास देईल. तेच दक्षिणेकडे तोंड करून उभं कलतं ठेवलं तर दुपटीच्या जवळपास. म्हणून छपरावरच्यांखेरीज एक सुटं, घडीचं पॅनल जवळ असावं. बर्फ पडला तर पहाटे झाडूने छप्पर झाडावं, पण शिडीची पायरी गोठलेली असते, हे विसरू नये.

गॅस आणि श्वास

भारतातल्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन मिसळलेले असतात, आणि ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचा थांबतो. अमेरिकेतल्या मोटरहोमच्या टाकीत जवळजवळ निव्वळ प्रोपेन असतो; तो उणे 42 पर्यंत वायू होत राहतो. त्यामुळे या थंडीत गॅस हटून बसत नाही. मात्र बाहेर वापरायच्या छोट्या शेगडीचे ब्युटेनचे डबे नेले असतील, तर त्यांच्यावर सकाळच्या चहासाठी विसंबू नये.

अडतो तो रेग्युलेटर, म्हणजे टाकीतला दाब कमी करणारा भाग. त्याचं श्वासाचं भोक वर तोंड करून असेल किंवा झाकण हरवलेलं असेल तर त्यात पाणी जाऊन गोठतं. तोंड खाली आणि वर झाकण, एवढं पाहावं. रबरी नळी वाकवून बघावी. भेगा दिसल्या तर बदलावी. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावं.

खर्चाचा अंदाज असा: तासाला 25,000 बीटीयू, म्हणजे उष्णतेची तेवढी एककं, देणारी फर्नेस सात तास जळली तर सव्वासात लिटर, वजनाने पावणेचार किलोच्या आसपास प्रोपेन लागतो. भारतातल्या घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो असतो, त्यावरून कल्पना यावी. असा सिलिंडर चार रात्रीही पुरणार नाही.

यापुढचा भाग घाईत वाचू नये. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतला माणूस उठतच नाही. जुन्या फर्नेसच्या आतल्या पत्र्याला तडा गेला असेल तर धूर घरात येऊ शकतो, म्हणून थंडीआधी जाणकाराकडून ती एकदा तपासून घ्यावी. बाहेरच्या धुराड्यात गांधीलमाशांनी किंवा कोळ्यांनी घर केलंय का, हवेच्या नळ्यांत उंदरांनी बिळं केली आहेत का, तेही पाहावं.

गाडीत दोन अलार्म हवेत. एक गळक्या गॅसचा. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत असतो. दुसरा कार्बन मोनॉक्साइडचा, झोपण्याच्या जागेजवळ. दोन्हींना मुदत असते, साधारण पाच ते सात वर्षं. जुन्या गाडीत मूळचेच अलार्म टांगलेले दिसतात, बटण दाबलं की वाजतातही, पण आतला संवेदक केव्हाच निकामी झालेला असतो. मागची तारीख वाचावी आणि शंका असेल तर नवे आणावेत. या बाबतीत काटकसर करू नका, ही कळकळीची विनंती.

ऊब हवी म्हणून शेगडी पेटती ठेवू नये. खोलीतच जळणारे छोटे गॅस हीटरही झोपताना बंद करावेत आणि जागेपणी चालवताना खिडकी बोटभर उघडी ठेवावी. जनरेटर चालू ठेवून झोपू नये. बर्फ पडला तर धुराडी मोकळी करावीत.

पाणी: नळ्या कोरड्याच बऱ्या

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि नळी किंवा तिचा सांधा फोडतं. काही गाड्यांत टाक्यांच्या कप्प्यात गरम हवेचा झोत सोडलेला असतो, आणि फर्नेस रात्रभर चालली तर नळातलं पाणी टिकतं. पण पंचवीस वर्षांच्या गाडीत तो झोत शाबूत असेलच असं नाही. शिवाय 1995 च्या आधीची गाडी असेल तर नळ्या पॉलिब्युटिलीन नावाच्या राखाडी प्लास्टिकच्या असू शकतात. त्यांचे सांधे वयानुसार ठिसूळ होतात. माझं स्पष्ट मत आहे की जुन्या गाडीने अशा थंडीत जाताना नळ्या कोरड्या करूनच जावं. नळातल्या पाण्याची सोय जाते, पण त्याबदल्यात फर्नेस रात्री बारा अंशांवर ठेवायची मुभा मिळते. नळ्या जपायच्या नसल्या की घर वीस अंशांवर ठेवण्याची सक्ती राहत नाही. पंखा कमी फिरतो आणि बॅटरी दुसऱ्या दिवशीही शिल्लक राहते.

नळ्या कोरड्या करायचं काम घरीच उरकावं. पाणी तापवायचा हीटर बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावा. मग त्याची दाब सोडणारी झडप उघडावी, आणि नंतरच खालचा बूच काढावा. गरम असताना काढला तर उकळतं पाणी अंगावर येतं.

गोड्या पाण्याची टाकी रिकामी करावी. गाडीच्या पोटाखाली सगळ्यात खालच्या जागी गरम आणि गार पाण्याच्या दोन निचरा-झडपा असतात, त्या उघडाव्यात. सगळे नळ उघडे सोडावेत. बाहेरचा शॉवर आणि संडासाजवळचा फवारा हमखास विसरतात, आणि वसंतात फुटलेले सापडतात ते बहुधा हेच.

त्यानंतर हीटरला वळसा घालणारी बायपास झडप फिरवावी, म्हणजे पुढचं द्रव हीटरच्या टाकीत वाया जात नाही. पंपाची नळी गुलाबी अँटीफ्रीझच्या, म्हणजे नळी फुटू न देणाऱ्या द्रवाच्या, कॅनमध्ये बुडवावी आणि एकेक नळ गुलाबी धार येईपर्यंत उघडावा. गरमचा वेगळा, गारचा वेगळा. आठ ते बारा लिटर पुरतात. हे प्रोपिलीन ग्लायकॉल असतं. इंजिनात घालतात ते बहुधा एथिलीन ग्लायकॉल, ते विष आहे. या नळ्यांत ते कधीही जाता कामा नये. शेवटी मोरी आणि न्हाणीच्या जाळ्यांत कपभर गुलाबी द्रव ओतावं.

पिण्यास-स्वयंपाकास वीस लिटरचे कॅन आत ठेवावेत, दारापासून लांब. संडासात प्रत्येक वेळी पाण्याऐवजी कपभर तेच गुलाबी द्रव टाकावं, म्हणजे मैल्याची टाकी आणि तिची झडप गोठत नाही. मोआबच्या आसपास सांडपाणी जमिनीवर सोडायला मनाई आहे, हे सांगायला नकोच.

जागा आणि संध्याकाळ

दरीच्या तळाशी गार हवा साचते, म्हणून थोडी उंचावरची, पूर्वेला मोकळी जागा निवडावी. सकाळचं पहिलं ऊन लवकर मिळणं हे मोठं सुख असतं. वारा थेट फर्नेसच्या धुराड्यात शिरणार नाही, अशी गाडी वळवावी. आधीच्या चाकोऱ्या सोडून वाळूत घुसू नये. तिथे मातीवर जिवंत सूक्ष्मजीवांची काळपट साय असते, आणि एकदा चाकाखाली गेली की ती भरून यायला कित्येक वर्षं लागतात.

अंधार पडण्याआधी चालकाच्या केबिनमागे जाड पडदा लावावा. सगळ्यात जास्त ऊब त्या मोठ्या काचांतून निसटते. छतावरच्या झरोक्यांत फोमची गादी बसवावी, खिडक्यांना चकचकीत इन्सुलेशनचे कापलेले तुकडे लावावेत.

आता ओल. माणसांचा श्वास, चहाचं आधण, भाताची वाफ यांचं पाणी एकेरी काचांवर आणि गादीच्या खाली जमतं. खोलीत जळणारा हीटर लावला तर एक किलो प्रोपेनमागे दीड किलोहून जास्त पाणी हवेत जातं. म्हणून एक झरोका आणि एक खिडकी बोटभर उघडी हवीच. केबिनवरच्या पलंगाची गादी रोज सकाळी उभी करावी, नाहीतर दोन दिवसांत खालची फळी ओली होते आणि बुरशी धरते. डाळ कुकरलाच लावावी. या उंचीवर पाणी शंभराच्या बरंच खाली उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

निघण्याची सकाळ

इंजिन सुरू होत नसेल तर जुन्या मोटरहोमच्या डॅशबोर्डवर बहुतेक वेळा एक बटण असतं. ते दाबून धरलं की घराची बॅटरी इंजिनाच्या मदतीला येते. त्यासाठी सकाळी तिच्यात जीव उरलेला हवा. इंजिनातलं शीतक निम्मं पाणी आणि निम्मं अँटीफ्रीझ असेल तर ते उणे 37 पर्यंत गोठत नाही. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने नुसतं पाणी घातलेलं असू शकतं, म्हणून ते घरूनच तपासून निघावं.

मोआबच्या उत्तरेकडे मॅन्कॉस शेल नावाच्या राखाडी चिकणमातीचे रस्ते आहेत. रात्री ती माती दगडासारखी गोठते, आणि दहा-अकराला उन्हाने सुटली की पाच टनांची गाडी तिच्यावर घसरत कडेला जाते. बर्फ पडला असेल तर अशा रस्त्यावरून सकाळी लवकर, माती गोठलेली असतानाच बाहेर पडावं.

टाक्या रिकाम्या करायला गावात डंप स्टेशन असतात, पण हिवाळ्यात काही बंद ठेवतात आणि काहींचं धुण्याचं पाणी तोडलेलं असतं, म्हणून आधी फोन करावा. झडपेचा दांडा ओढल्यावर हलला नाही तर जोर लावू नये. आतली पात गोठलेली असते आणि दांडा हातात येतो. गाडी दुपारच्या उन्हात तासभर उभी करावी, झडपेवर कोमट पाण्याने भिजवलेलं फडकं ठेवावं आणि मग पुन्हा हलकेच ओढून पाहावं. सुटली की आधी मैल्याची टाकी आणि मग सांडपाण्याची सोडावी, म्हणजे त्याच पाण्याने नळी धुऊन निघते. शेवटी दोन्ही टाक्यांत लिटरभर गुलाबी द्रव ओतूनच घरची वाट धरावी; वाटेतली रात्रही शून्याखालचीच असते.